छतावरची ती खडबडीत नक्षी: खरवडायची की झाकायची?

हेडफोन लावले असतील तर उत्तम, आणि ट्रेनमध्ये उभ्या उभ्या वाचत असाल तरी चालेल. आजच्या भागात आपण वर बघणार आहोत. अगदी शब्दशः वर, म्हणजे छताकडे.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आणि तिथे पहिलं घर घेतलेल्या आपल्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास पडतो. घर छान आहे, स्टेशन जवळ आहे, मागे छोटीशी बाग आहे, पण छतावर हे काय करून ठेवलंय? कुठे गोल गोल वेटोळी, कुठे पंख्यासारखे अर्धगोल, कुठे केकवरच्या क्रीमसारखी वर आलेली टोकं. त्यात धूळ बसते, कोळिष्टकं अडकतात, आणि रंग द्यायला गेलं की रोलर अर्ध्या जागी टेकतच नाही. मग लगेच दुसरा प्रश्न येतो: शनिवार-रविवारी सगळे मिळून खरवडून टाकूया का?

उत्तर सुरुवातीलाच सांगते, म्हणजे कुणी अर्ध्यात ऐकणं बंद केलं तरी मुद्दा पोहोचेल. थांबा, खरवडू नका, आधी तपासून घ्या. आणि तपासल्यावरसुद्धा बहुतेक घरांत ती नक्षी काढण्यापेक्षा झाकणं जास्त शहाणपणाचं ठरतं. आता का आणि कसं, ते सावकाश बघू.

ही नक्षी आली कुठून?

या नक्षीला ब्रिटनमध्ये सगळे 'आर्टेक्स' म्हणतात. मुळात हे एका ब्रँडचं नाव. पण आपण जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो आणि कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा, तसंच तिथे झालं. छतावर खडबडीत लेप दिसला की तो आर्टेक्स, मग कंपनी कुठलीही असो.

हे का केलं जायचं, ते समजायला तिथल्या घराची रचना माहीत हवी. आपल्याकडे बहुतेक इमारतींत डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब असतो आणि त्याला खालून गिलावा. ब्रिटनमधल्या साध्या घरात वरच्या मजल्याची जमीन लाकडी वाशांवर उभी असते. त्या वाशांना खालून जिप्समचे बोर्ड ठोकतात, तेच खालच्या खोलीचं छत. खूप जुन्या घरात बोर्डांऐवजी लाकडाच्या बारीक पट्ट्या आणि त्यांवर चुन्याचा गिलावा असतो.

बोर्ड लावले की सांधे दिसतात. ते सांधे लपवून छत आरशासारखं सपाट करायला चांगला गिलावा करणारा लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात. आर्टेक्सचं काम सोपं होतं. पावडर पाण्यात कालवायची, जाड लेप ब्रशने लावायचा आणि तो ओला असतानाच कंगव्याने किंवा ब्रशने नक्षी उठवायची. सांधे लपले, बारीक तडे लपले, कारागिराचा हात जरा कच्चा असेल तर तेही लपलं. १९६० ते १९८० च्या दशकांत लाखो घरांत हे झालं. तेव्हा ती फॅशनही होती. नंतर फॅशन गेली, छतं राहिली.

लेपाच्या आत काय आहे?

आता मुख्य गोष्ट. छताला लावलेला ओला लेप खाली ओघळू नये, वाळताना तडकू नये, म्हणून त्यात काहीतरी धागेदार घालावं लागतं. त्या काळी यासाठी सर्रास पांढरं ॲस्बेस्टॉस वापरायचे. त्याला क्रायसोटाइल म्हणतात. हे एक खनिज आहे, पण त्याचे तंतू कापसासारखे वेगळे होतात. लेपात त्याचं प्रमाण फार नसायचं, साधारण काही टक्केच. पण असायचं.

ब्रिटनने निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये बंदी घातली. पांढऱ्यावर पूर्ण बंदी यायला मात्र १९९९ साल उजाडलं. म्हणून तिथला साधा नियम असा: २००० सालाआधी बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या घरात नक्षीचं छत दिसलं, तर चाचणी होईपर्यंत त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं. घर १९३० सालचं असलं तरी सुटका नाही, कारण छत १९७५ मध्ये नवं केलेलं असू शकतं.

इथे आपल्या सवयीबद्दल एक शब्द बोलायला हवा. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी सिमेंटचे पत्रे पाहिलेत. शाळेची शेड, चाळीची गॅलरी, गावाकडचा गोठा. त्या पत्र्यांतही ॲस्बेस्टॉसच असतं, आणि भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर ब्रिटनसारखी सरसकट बंदी नाही. त्यामुळे 'आम्ही तर त्या पत्र्याखालीच वाढलो, काय झालं?' असं पटकन तोंडात येतं. पण अख्ख्या पत्र्याखाली बसणं आणि तोच पत्रा ग्राइंडरने कापून त्याची धूळ हुंगणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. छताचंही तसंच.

लेप घट्ट आहे, वर रंगाचे थर आहेत, तोपर्यंत तंतू आत अडकलेले असतात आणि धोका फार कमी असतो. तुम्ही त्याखाली झोपता, जेवता, टीव्ही बघता, त्याने काही होत नाही. धोका सुरू होतो तो कोरडं खरवडल्यावर, सँडिंग केल्यावर, ड्रिल मारल्यावर. तेव्हा तंतू मोकळे होतात. ते इतके बारीक असतात की दिसत नाहीत, वास येत नाही, ठसकाही लागत नाही. श्वासातून फुप्फुसात खोल गेले की शरीराला ते नीट बाहेर काढता येत नाहीत. त्यातून होणारे आजार, म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग, ॲस्बेस्टॉसिस आणि मेसोथेलिओमा नावाचा अस्तराचा कर्करोग, हे बहुतेकदा काही दशकांनी डोकं वर काढतात. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो.

ग्रेट ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या आजारांनी आजही दरवर्षी सुमारे ५,००० माणसं दगावतात. यातल्या बहुतेकांचा संबंध जुन्या काळच्या कामाशी आहे: कारखाने, जहाजबांधणी, बांधकाम, सुतारकाम, वायरिंग. त्यातल्या अनेकांना काम करताना काहीच जाणवलं नव्हतं. म्हणून आपण ही गोष्ट हलक्यात घ्यायची नाही.

पहिली पायरी: चाचणी

नुसतं बघून ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. शेजाऱ्याला नाही, एजंटला नाही, वीस वर्षं गिलावा करणाऱ्यालाही नाही. नक्षीच्या आकारावरूनही कळत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच ते दिसतं.

घर विकत घेताना जो सर्व्हे होतो, त्याच्या अहवालात 'छताच्या लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतं' अशा अर्थाचं वाक्य बऱ्याचदा असतं. अनेकांना ते वाचून घाम फुटतो. काही जण ते बघतच नाहीत. दोन्ही करू नका. त्या वाक्याचा अर्थ एवढाच की नमुना तपासून घ्या.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे प्रशिक्षित सर्व्हेयरला बोलावून नमुना घ्यायला लावणं. प्रयोगशाळा यूकास या संस्थेची मान्यता असलेली हवी. एका नमुन्याच्या तपासणीचा खर्च साधारण काही दशक पौंडांत असतो. सर्व्हेयर घरी आला तर त्याची फी वेगळी. पूर्ण छताच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, त्यामुळे इथे काटकसर नको.

नमुना कसा घेतात, हे माहीत असलं तर समोरचा माणूस नीट काम करतोय का ते तुम्हाला कळेल. खाली प्लास्टिक अंथरतात. एफएफपी३ दर्जाचा मास्क लावतात. कोविडच्या वेळचा साधा निळा मास्क इथे बिनकामाचा. जागा पाण्याने ओली करतात, आणि त्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाकतात, म्हणजे पाणी आत मुरतं आणि धूळ उडत नाही. लेपाच्या पूर्ण जाडीचा छोटा तुकडा घेऊन दुहेरी पिशवीत बंद करतात आणि उघडी झालेली जागा बुजवतात.

आणखी एक: एका खोलीचा निकाल दुसऱ्या खोलीला लागू होत नाही. हॉलचं छत १९७२ चं आणि बेडरूमचं १९९५ चं असू शकतं. नक्षी वेगळी, काळ वेगळा, तर नमुनाही वेगळा घ्यायचा.

चार रस्ते

निकाल हातात आला की तुमच्यापुढे चार रस्ते असतात.

पहिला, काहीच न करणं. लेप शाबूत असेल आणि दिसण्याची चीड येत नसेल, तर रंगाचा एक हात द्या आणि सोडून द्या. हा सगळ्यात स्वस्त आणि पूर्णपणे सन्मान्य पर्याय आहे.

दुसरा, नक्षीवरच जिप्समचा गुळगुळीत गिलावा चढवणं. तिथे याला स्किमिंग म्हणतात. आपल्याकडे भिंतीला लांबी मारतात त्याचाच हा मोठा भाऊ म्हणा.

तिसरा, छताखाली नवे जिप्सम बोर्ड स्क्रूने बसवून त्यांवर गिलावा करणं.

चौथा, लेप पूर्ण काढणं. हे ओलं करून, जेल लावून किंवा वाफेने मऊ करून करतात, म्हणजे धूळ कमीत कमी उडते. ॲस्बेस्टॉस असेल तर हे काम घरच्यांनी हातात घेऊच नये. त्या कामाचं प्रशिक्षण आणि सामान असलेली माणसंच हवीत. निघालेला सगळा कचरा घातक कचरा ठरतो. तो घरच्या डब्यात टाकता येत नाही.

चाचणीत ॲस्बेस्टॉस निघालं नाही, तर चारही रस्ते मोकळे आहेत. निघालं, तर दुसरा आणि तिसरा रस्ता बहुतेक घरांसाठी योग्य, कारण तिथे तंतू जिथे आहेत तिथेच राहतात. खोलीत जे उडलं नाही, ते कुणाच्या छातीत जाणार नाही. इतकं साधं गणित आहे.

छताला हे पेलेल का?

झाकायचं ठरलं तरी लगेच बादली कालवायची नाही. आधी छताची तब्येत बघायची.

हाताने हळूच दाबून बघा, कुठे हलतंय का. लांबून बघा, कुठे पोट आलंय का. पिवळट-तपकिरी डाग असेल तर वर पाणी गळतंय. आधी ते थांबवा, नाहीतर नवीन गिलाव्यावरही तोच डाग उमटेल. पट्ट्या-चुन्याचं जुनं छत असेल आणि गिलावा पट्ट्यांपासून सुटला असेल, तर त्यावर आणखी वजन टाकणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

वजनाचा अंदाज देते. फिनिशिंग प्लास्टरची २५ किलोची एक पिशवी सपाट पृष्ठभागावर २ मिलिमीटर जाडीने साधारण १० चौरस मीटर पुरते. म्हणजे दर चौरस मीटरला अडीच किलो कोरडं प्लास्टर, शिवाय पाणी. बारा बाय दहा फुटांची खोली जवळपास ११ चौरस मीटर भरते. पण नक्षी खोल असेल तर आधी खड्डे भरावे लागतात, आणि मग माल बराच जास्त लागतो. हे सगळं वजन लटकणार कशावर? जुन्या रंगावर आणि जुन्या लेपावर. रंगाचे पोपडे निघत असतील, तर नवीन गिलावा कितीही सुंदर असला तरी त्या पोपड्यांसकट खाली येईल.

जुन्या घरांत आणखी एक छुपा शत्रू असतो: लेपाच्या खाली डिस्टेंपरचा जुना थर. हा पाण्यात विरघळणारा रंग. वरून ओला गिलावा चढवला की ओल आत जाते, डिस्टेंपर सुटतं आणि सगळंच सोलून येतं. अशा छताला दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या रस्त्यानेच जायचं.

गिलावा चढतो कसा

समजा छत ठणठणीत आहे. आता क्रम बघू.

खोली रिकामी करायची, वीज बंद करायची, छताचा दिवा खाली घ्यायचा. दिवा सोडवण्याचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेलं बरं. स्वयंपाकघराचं छत असेल किंवा आधीचे लोक घरात सिगारेट ओढत असतील, तर तेलकट थर धुऊन काढावा लागतो. तिथे त्यासाठी शुगर सोप नावाचं धुण्याचं मिश्रण मिळतं. नावात साखर आहे, पण चहात टाकू नका.

मग येतात नक्षीची टोकं. ॲस्बेस्टॉस नाही असा लेखी निकाल असेल, तरच ती टोकं पत्र्याने उडवून छत थोडं सपाट करतात. निकाल 'आहे' असेल किंवा चाचणीच झाली नसेल, तर टोकांना हात लावायचा नाही. खोलगट भाग भरून वर आणायचा. कारागीर सवयीने पहिलंच पातं टोकांवर फिरवतात, म्हणून हे वाक्य त्यांना काम सुरू होण्याआधी सांगा.

नंतर पकड. रंगवलेल्या छतावर प्लास्टर नुसतं चिकटत नाही. पूर्वापार पद्धत म्हणजे पाणी मिसळलेला पीव्हीए गोंद: एक हात लावून वाळू द्यायचा, दुसरा हात लावायचा आणि तो चिकट असतानाच प्लास्टर चढवायचं. पूर्ण वाळला तर पकड जाते. आता बरेच जण छतासाठी बारीक वाळूचे कण असलेला बाँडिंग प्रायमर पसंत करतात. त्याने पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत होतो आणि प्लास्टरला धरायला जागा मिळते.

सांध्यांवर आणि तड्यांवर जाळीची पट्टी चिकटवतात. खोल नक्षीवर आधी बाँडिंग प्लास्टरचा जाडसर थर, मग फिनिशिंग प्लास्टरचे दोन पातळ हात. पहिला हात चढला की तो थोडा आवळू द्यायचा, मग दुसरा. त्यानंतर थापी फिरवत राहायची. प्लास्टर जसजसं घट्ट होतं, तसतसा थापीचा कोन आणि दाब बदलतो. शेवटी ब्रशने पाण्याचे शिंतोडे मारून अखेरचा हात.

प्लास्टर घट्ट होतं कसं, हे मात्र भारी आहे. जिप्सम या खनिजाच्या रचनेतच पाणी असतं. ते साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजलं की बहुतेक पाणी उडतं आणि पावडर उरते. पावडरीत पुन्हा पाणी घातलं की तिला आपलं गेलेलं पाणी परत मिळतं, बारीक सुयांसारखे स्फटिक तयार होतात, एकमेकांत अडकतात आणि दगड होतो. त्या वेळी बादली कोमट लागते. गणपतीच्या पीओपीच्या मूर्तीत जी गंमत घडते, तीच इथे छतावर घडते. फरक एवढाच की मूर्तीला साचा असतो, इथे माणसाचा हात असतो.

आणि त्या हाताला घड्याळ लागलेलं असतं. कालवल्यापासून दीडेक तासात प्लास्टर आवळतं. मोठ्या खोलीचं छत एका दमात व्हायला हवं, मध्ये चहा प्यायला थांबलं की सांधा दिसतो. वरून हे सगळं डोक्यावर हात धरून करायचं. म्हणून यूट्यूबवर सोपं दिसलं तरी पहिला प्रयोग हॉलच्या छतावर नको. हौस असेल तर कपाटाच्या आतली भिंत घ्या. छतासाठी कसलेला कारागीर बोलवा.

गुलाबी छत आणि रंगाची घाई

ब्रिटनमधलं फिनिशिंग प्लास्टर गुलाबी असतं. ओलं असताना गडद, वाळलं की फिकट गुलाबी. हा रंग म्हणजे तुमचा फुकटचा मीटर. एकही गडद डाग दिसत नाही तोवर रंगाचा डबा उघडायचा नाही. हवामानानुसार याला काही दिवस ते आठवडाभर किंवा जास्तही लागतो. खिडकी थोडी उघडी ठेवा. हीटर फुल्ल लावून घाईने वाळवलं तर तडे जातात.

पहिला हात पाणी मिसळलेल्या साध्या मॅट इमल्शनचा द्यायचा. तिथे त्याला मिस्ट कोट म्हणतात. नवं प्लास्टर तहानलेलं असतं. पातळ रंग ते आत ओढून घेतं आणि पकड बसते. थेट जाड किंवा विनाइलचा चकचकीत रंग दिला, तर तो वरच्यावर पापुद्र्यासारखा बसतो आणि काही महिन्यांत सोलून निघतो.

बोर्डाचा रस्ता

लेप सैल आहे, नक्षी फार खोल आहे किंवा छत वेडंवाकडं आहे, तर नवे बोर्ड बरे. आधीचे वासे कुठे आहेत ते शोधून लांब स्क्रूने बोर्ड थेट त्या लाकडात धरायचे. जुन्या बोर्डात किंवा लेपात नुसते अडकवून चालत नाही. नव्या बोर्डाचं सगळं वजन वाशांवर जायला हवं. एक मोठा बोर्ड वीसेक किलोचा असतो, म्हणून दोन माणसं किंवा बोर्ड उचलायचं यंत्र लागतं. खोलीची उंची दीड-दोन सेंटिमीटर कमी होते, एवढंच.

लेपात ॲस्बेस्टॉस असेल तर स्क्रू जातानाही थोडी धूळ निघते. ती दाबून ठेवण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत आणि हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही तिथली सरकारी संस्था त्यांची माहितीपत्रकं मोफत देते. कामगाराने ती वाचलेली असावीत आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेलं असावं.

कारागिराला काय विचारायचं?

कोटेशन घेताना हे पाच प्रश्न फोनच्या नोट्समध्ये टाका.

१. चाचणीचा अहवाल तुम्ही बघणार का?
२. टोकं उडवणार की भरून घेणार?
३. पकडीसाठी काय लावणार?
४. या छताला स्किम चालेल की बोर्ड लागतील, आणि तसं का वाटतं?
५. ॲस्बेस्टॉसजवळ काम करायचं प्रशिक्षण आहे का?

'अहो, काही होत नाही, आम्ही रोज खरवडतो' असं उत्तर आलं तर नम्रपणे आभार माना आणि दुसऱ्याला फोन लावा. तो उद्धट नसेल, मनाने चांगलाही असेल. पण त्याच्या रोजच्या धुळीचा हिशोब वीस-तीस वर्षांनी येतो, आणि त्यात तुमच्या घरातली माणसंही असू शकतात.

झाकलं म्हणजे संपलं नाही

आता ज्याच्यासाठी मी हा भाग केला, तो मुद्दा. ॲस्बेस्टॉस असलेलं छत झाकलं की ते सुंदर, पांढरं, सपाट दिसतं. आणि तिथेच नवीन धोका तयार होतो: आता ते कुणाला दिसत नाही.

पाच वर्षांनी तुम्ही घर विकता. नवी जोडी येते. त्यांना छतात आठ छोटे दिवे हवे असतात. इलेक्ट्रिशियन येतो, साधं प्लास्टर समजून गोल करवत लावतो आणि आठ भोकं पाडतो. प्रत्येक भोकातून जुन्या लेपाचा भुगा त्याच्या तोंडावर पडतो. तुम्ही सगळं नीट केलं होतंत, फक्त सांगितलं नव्हतंत.

म्हणून झाकण्याआधी प्रत्येक छताचा फोटो काढा. चाचणीचा अहवाल, तारीख आणि केलेलं काम एका फाइलमध्ये ठेवा, क्लाउडवर ठेवा. माळ्याच्या झडपेच्या आतल्या बाजूला आणि फ्यूजच्या डब्याजवळ एक चिठ्ठी चिकटवा: या खोलीच्या छतात प्लास्टरखाली जुना लेप आहे, त्यात ॲस्बेस्टॉस आहे, ड्रिल करू नका. घर विकताना ती फाइल पुढच्या माणसाला द्या. यात तुमचे दहा मिनिटं आणि एक सेलोटेप जाईल.

नेहमी येणारे तीन प्रश्न

*मी भाड्याने राहते, मी काय करू?* छताला हात लावू नका. गणपतीच्या मखरासाठी किंवा आकाशकंदिलासाठी नक्षीच्या छताला हुक ठोकायचा मोह होतो, तो टाळा. स्टँड वापरा, पडद्याच्या दांडीला बांधा. कुठे लेप सुटत असेल तर फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा.

*आम्ही आधीच थोडं खरवडलंय. आता?* घाबरून जाऊ नका. एखाद्या वेळच्या थोड्या संपर्काने आजार होण्याची शक्यता कमी असते. मोठा धोका वारंवार, वर्षानुवर्षं धूळ श्वासात घेणाऱ्यांना असतो. काम तिथेच थांबवा. झाडू मारू नका, घरचा व्हॅक्यूम तर अजिबात लावू नका, तो तंतू गाळत नाही, उलट उडवतो. खोली बंद करा आणि चाचणी करून घ्या. निकाल 'आहे' आला तर साफसफाई प्रशिक्षित माणसांकडून करून घ्या. मनाला रुखरुख लागली तर तुमच्या जीपीला सांगून तशी नोंद करून घेता येते.

*अमेरिकेतल्या पॉपकॉर्न छताचं काय?* तिथल्या फवारलेल्या, लाह्यांसारख्या दिसणाऱ्या छतांतही जुन्या काळी ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून चाचणीचा नियम तोच. फरक असा की तो लेप बऱ्याचदा भुसभुशीत असतो आणि पाण्याने मऊ पडतो. त्यावर थेट ओला गिलावा टिकेलच असं नाही, त्यामुळे तिथे बोर्ड लावून झाकणं जास्त भरवशाचं.

तर मंडळी, आजचा भाग तीन शब्दांत: तपासा, झाका, नोंदवा. हा भाग नवीन घराच्या किल्ल्या हातात आलेल्या त्या मित्राला आत्ताच पाठवा, त्याने हार्डवेअरच्या दुकानातून खरवडणी आणायच्या आत. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!